३२ इंची मॉनिटर अडखळतो, आणि साइटवर नजर कशी ठेवू?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): लॅपटॉपला जोडलेल्या ४के मॉनिटरवर माउस अडखळत सरकतो. घरच्या छोट्या कॉम्प्युटरवरची वेबसाइट बंद पडली तर लगेच कळायलाही हवं.

उत्तर: रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने रंगतो तो आकडा) बघा, बहुधा ३० हर्ट्झ असणार. एचडीएमआय (मॉनिटर जोडायची केबल-पोर्टची पद्धत) जुनी १.४ असेल तर ४के तेवढंच मिळतं. ६० साठी लॅपटॉपचं आणि मॉनिटरचं पोर्ट २.० हवं, केबलही १८ जीबीपीएसची.

उत्तर: तपासणी त्याच घरात ठेवू नका. वीज गेली की साइटही बंद, पहाराही बंद, मग संदेश पाठवणार कोण? बाहेरच्या सेवेतून दर ५ मिनिटांनी तपासा, सलग दोनदा फसलं तरच इशारा. नुसता २०० कोड (सर्व्हरचं 'सगळं ठीक' हे उत्तर) पुरत नाही, कोरं पानही २०० देतं. पानावरचा ठरावीक शब्द शोधायला लावा.

उत्तर: वीज गेली तरी साइट चालू राहावी म्हणून यूपीएसवर राउटर घेताना फायबर इंटरनेटचा डबाही घ्या. तोच बहुतेक राहून जातो.