मान्ना म्हणजे किडीची विष्ठा, आणि विषय संपला?

जुनीवही:
परवा इथेच 'विवेकवाट' यांनी चार ओळी टाकल्या. बायबलात इस्राएली लोकांना वाळवंटात आकाशातून मिळालेलं अन्न, मान्ना, म्हणजे झाडावरच्या किडीची विष्ठा, 1927 साली शास्त्रज्ञांनी इजिप्तच्या सिनाय वाळवंटात जाऊन सिद्ध केलं, विषय संपला. खाली टाळ्यांचा नुसता पाऊस. मी देवभोळी नाही, शेवटची प्रार्थना दहावीच्या निकालाआधी केली होती. पण अर्धवट वाचून विषय संपवणाऱ्यांचा मला देवभोळ्यांपेक्षा जास्त राग येतो, म्हणून हे लांबण.

आधी त्यांचं बरोबर काय ते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाकडून बोडेनहायमर आणि थिओडोर 1927 मध्ये सिनायला गेले, हे खरं. तिथे झाऊच्या झुडपांवर खवले कीड बसते. झाडाच्या रसात साखर भरपूर आणि नायट्रोजन जेमतेम, त्यामुळे पोटापुरता नायट्रोजन मिळवायला किडीला भसाभसा रस ओढावा लागतो आणि जास्तीची साखर थेंबाथेंबाने मागून सोडून द्यावी लागते. वाळवंटी हवेत थेंबातलं पाणी उडतं, रात्रीच्या गारव्यात गोळी घट्ट होते. बेदुइन, म्हणजे वाळवंटातले भटके अरब, त्या सकाळी लवकर वेचतात, कारण ऊन चढलं की मुंग्या सगळं उचलून नेतात. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात काय आहे? धण्याएवढी, पांढरी, मधातल्या पोळीसारखी चव, ऊन तापलं की विरघळे, उरवून ठेवली की किडे पडत. जुळतं. मान्य.

आता जे तुम्ही गिळलंत ते. बायबलातल्याच गणना या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात लोक मान्ना जात्यावर दळतात, उखळात कुटतात, भांड्यात शिजवतात, भाकरी करतात. साखरेची चिकट गोळी जात्यात घालून बघाच, फक्त नंतर जातं धुवायला मला बोलावू नका. शिवाय या किडीचा हंगाम उन्हाळ्यातले काही आठवडे, तोही हिवाळ्यात पाऊस झाला तर. ग्रंथात रोज, 40 वर्षं. माणशी एक ओमर, म्हणजे कमीत कमी दोनेक लिटर. पुरुषच सहा लाख. बायकापोरं सोडून दिली तरी रोजचे 12 लाख लिटर होतात, दहा हजारी टँकरने आणायचे तर 120 टँकर. आणि ज्याला तुम्ही हातच लावत नाही ते: सहाव्या दिवशी दुप्पट, सातव्या दिवशी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या शनिवारी, काही नाही, आणि एरवी रात्रीत नासणारा माल त्या एका रात्री नासत नाही. शनिवार पाळणारी कीड दाखवा, मी धागा उडवते.

विवेकवाट:
चार ओळींना एवढं मोठं उत्तर, धन्य झालो. ताई, 40 वर्षं आणि सहा लाख हे आकडे खरे धरून मला कोंडीत पकडताय, पण ते आकडे खरे आहेत असं मी कधी म्हणालो? कुरुक्षेत्रावर अठरा अक्षौहिणी मावल्या कशा, हे आपण विचारतो का? मूळ अनुभव खरा, आकडे नंतर फुगले. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस लिहितो की त्या भागात मान्ना अजूनही पडते. 1483 मध्ये ब्रायडनबाख नावाचा जर्मन यात्रेकरू सिनायला जाऊन तेच सांगतो. बेदुइन आजही तिला 'मन्न'च म्हणतात. आणखी काय पुरावा हवा? शनिवारचं म्हणाल तर ते पुरोहितांनी नंतर घुसडलं.

जुनीवही:
म्हणजे जे जुळतं तो पुरावा आणि जे जुळत नाही ते पुरोहितांनी घुसडलं. सोयीचं आहे.

तांबडीमाती:
दोघंही चुकताय. किडीच्या मागे लागण्यापेक्षा दगडफूल बघा. गोडा मसाल्यात घालतो त्याच्या नात्यातलं, इराण-तुर्कस्तानच्या कोरड्या भागात दगडावर वाढतं, सुटून गोळ्या होतात आणि वाऱ्याने उडून लांब जाऊन पडतात. लोकांनी आकाशातून पडलं म्हणून गोळा केलं आणि दळून भाकऱ्या केल्या, अशा 19व्या शतकातल्या नोंदी आहेत. दळणं, कुटणं, भाकरी, सगळं बसतं.

जुनीवही:
बसतं, पण ते उन्हात विरघळत नाही, गोड लागत नाही आणि सिनायमध्ये तसं सापडल्याचं कोणी दाखवलेलं नाही. कीड घेतली तर निर्गम जुळतो आणि गणना सुटतं, दगडफूल घेतलं तर गणना जुळतं आणि निर्गम सुटतो. मी एवढंच म्हणतेय.

जडीबुटी:
तुरंजबीन कोणीच कसं काढलं नाही? युनानी दुकानात मिळतं, जवासाच्या काटेरी झुडपावरची साखर. आयुर्वेदातली यवासशर्करा तीच. माझ्या सासऱ्यांना हकिमाने दिलं होतं. खडीसाखरेसारखे बारके दाणे, त्यात पानं, काटे, काड्या, कचराच जास्त, गाळून घ्यावं लागतं. गोड आहे, पण सौम्य रेचक. सहा लाख लोकांनी रोज दोन लिटर खाल्लं असतं तर त्याच कथेतला समुद्र दुभंगण्यापेक्षा मोठा चमत्कार वेगळाच झाला असता.

पंतोजी:
बायबलातल्या चमत्काराला कीड, झुडूप, हिब्रू विद्यापीठ! द्रौपदीच्या थाळीला मात्र सरळ 'भाकडकथा'. हीच का तुमची विवेकबुद्धी? थाळीचं नैसर्गिक कारण शोधायला कोणी का जात नाही?

विवेकवाट:
कारण थाळी कुठल्या झुडपावर उगवत नाही. तुम्ही पितळेवर बसणारी एखादी कीड शोधून आणा, अभ्यासदौऱ्याचा निम्मा खर्च माझा.

अशदोदकर:
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू, आजोबा अलिबागकडचे, आता मुक्काम इस्राएलमधलं अशदोद. आमच्या घरात शुक्रवारी संध्याकाळी टेबलावर दोन पाव ठेवतात, एक नाही, कारण त्या दिवशी मान्ना दुप्पट मिळे. खाली कापड, वर भरतकामाचं कापड. मान्नेच्या खाली-वर दव असायचं म्हणून तसं. तुमची कीड, तुमचं दगडफूल, मला दोन्हीची हरकत नाही. पण कोकणात शेकडो वर्षं हिब्रू येत नसतानाही आमचे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत होते, म्हणून गावाने नावच ठेवलं, शनिवार तेली. 'पुरोहितांनी नंतर घुसडलं' हे म्हणायला सोपं आहे. ज्याला घुसडलेलं म्हणता तेवढंच आमच्यापाशी उरलं होतं.

विवेकवाट:
आदर आहे, पण परंपरा टिकली याने घटना सिद्ध होत नाही.

अशदोदकर:
घटना सिद्ध करायला मी आलोच नव्हतो. तुम्ही परत वाचा.

जुनीवही:
माझा मुद्दा माझ्यापेक्षा बरा मांडलात. ही गोष्ट सांगणाऱ्याला सिनायमध्ये झाडावरून काहीतरी गोड पडतं हे ठाऊक असणार, यात मला शंका नाही. पण त्याने ते घेतलं ते साठवू नका, सातव्या दिवशी हात थांबवा, एवढं सांगायला. ते वगळून नुसती कीड शोधायची असेल तर शोधा बापडे.

विवेकवाट:
म्हणजे कीड होती. धन्यवाद, एवढंच हवं होतं.

खारवी:
त्याच कथेत त्या लोकांना खायला मिळालेल्या लावे पक्ष्यांचं कोणी बोलेना. लावे खाल्ले आणि माणसं मेली, असं गणनातच आहे. लावे युरोपातून भूमध्य समुद्र ओलांडून थकून सिनायच्या किनाऱ्यावर उतरतात, तिथे जाळ्यांनी धरतात. काही वेळा त्यांच्या मांसाने विषबाधा होते, स्नायू आणि मूत्रपिंडं निकामी होतात. तिथे नैसर्गिक कारण मान्नेपेक्षा चांगलं बसतं.

कोरडवाहू:
तुम्ही किडीच्या साखरेचं एवढं कौतुक करताय. आमच्याकडे या सोलापूरला. रब्बीच्या ज्वारीवर मावा पडला की पानं तेल लावल्यासारखी चमकतात, शिवारातून गेलं की सदरा पानाला चिकटतो, हाताचं बोट बोटाला. त्याला आम्ही चिकटा म्हणतो. मुंग्यांची रांग खालून वरपर्यंत. मग त्यावर काळी बुरशी, आणि कडबा जनावर तोंडात धरत नाही. यंदा विमा कंपनीला 72 तासांच्या आत फोटोसकट कळवलं. उत्तर आलं, कीड ही स्थानिक आपत्तीत बसत नाही. गारा पडल्या असत्या तर बसलं असतं. आकाशातून पडलं तरच पैसे.

आंबेवाला:
अगदी. आंब्याला तुडतुडे तेच करतात. मोहोर चिकट, खालची पानं चिकट, आठ दिवसांत सगळं काळं. झाडाखाली गाडी लावली तर काच धुता धुता नाकी नऊ. फवारणीशिवाय इलाज नाही.

रानमेवा:
इलाज नाही म्हणून भर मोहोरात फवारता आणि मग फळधारणा नाही म्हणून रडता. मधमाश्या कोण मारतं? आमच्या पेट्या शेजारच्या बागेपायी गेल्या.

आंबेवाला:
पेट्या उचलायला आदल्या दिवशी निरोप दिला तरी तुमच्यासारखे येत नाहीत. आम्ही कर्ज काढून बाग धरायची आणि तुम्ही फुकट मोहोरावर मध काढायचा.

रानमेवा:
फुकट? परागीभवनाचं बिल पाठवू का?

जुनीवही:
अहो, मान्ना.

विवेकवाट:
चालू द्या ताई. तुमच्या शनिवारपेक्षा हे जास्त उपयोगाचं आहे.

कोरडवाहू:
एक राहिलं. यंदा काही कणसांतून पण मधासारखं गळतंय, पानावर मावा दिसत नाही. हा कुठला चिकटा?

शेतमळा:
तो माव्याचा नाही, अरगटचा. बुरशी आहे, फुलोऱ्यात ढगाळ, दमट हवा लागली की येते. दिसायला दोन्ही सारखंच, पण हा दाण्याच्या जागी गळतो. ती कणसं काढून जाळा, जनावराला घालू नका, दूध आटतं. आणि त्यातलं बी पुढच्या साली पेरायला ठेवू नका.

कोरडवाहू:
कडब्याचं काय? कणसं काढल्यावर घातला तर चालेल का?

शेतमळा:
धाट स्वच्छ असेल तर चालेल. चिकट भाग वेगळा काढा. फोटो टाका, बघून सांगतो.