नव्ह शापेलच्या स्मारकावर नाव कसं शोधायचं?

रानवाट: एका शिपायाचं नाव नव्ह शापेल (उत्तर फ्रान्स, पा-द-कॅले) इथल्या भारतीय स्मारकावर शोधायचंय. कागदात फक्त 'मराठा पलटण, फ्रान्स, 1914-15' एवढंच आहे. लीलहून एका दिवसात जाऊन येता येईल का?

जुनादस्त: आधी कागदच तपासा. 103, 110, 117 या मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) होत्या. तिथे बेपत्ता झालेल्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. फ्रान्स नक्की असेल तर खडकीच्या थर्ड सॅपर्स अँड मायनर्सपासून (लष्करी अभियंत्यांची पलटण) सुरुवात करा. त्यांच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या 28 ऑक्टोबर 1914 ला 47 शीख पलटणीबरोबर याच गावात घुसल्या. घराघरांतून लढत गाव घेतलं, पण कुमक आली नाही आणि मागे फिरावं लागलं. मार्च 1915 ची मोठी लढाई वेगळी. लोक सर्रास दोन्हींची खिचडी करतात.

पाटीपुस्तक: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (युद्धातल्या मृतांची थडगी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) साइटवर आडनावाने शोधू नका, हमखास फसाल. बऱ्याच शिपायांचं पहिलं नावच आडनावाच्या रकान्यात घातलंय. तेव्हा 'गणपत' असेल तर इंग्रजीत ए, यू, डबल पी असे सगळे प्रकार करून बघा. मग स्मारक आणि रेजिमेंटची चाळणी लावा, वडिलांचं नाव आणि गाव दिलं असेल तर जुळवा, आणि पॅनल नंबर लिहून घ्या. भिंतीवर नावं आधी रेजिमेंट, मग हुद्दा, मग वर्णानुक्रम अशी आहेत. रेजिमेंट माहीत नसेल तर 4,700 हून जास्त नावं वाचत बसाल. तिथे 1964 मध्ये बसवलेला एक ब्राँझचा पत्राही आहे. जर्मनीत झेरेन्सडॉर्फला पुरलेल्या भारतीयांची नावं त्यावर आहेत. युद्धकैदी असण्याची शक्यता असेल तर तोही बघाच.

रानवाट: आणि जायचं कसं?

पाटीपुस्तक: लीलहून लोकल ट्रेनने ला बासे-व्हिओलेन, तिथून उत्तरेला साधारण 5 किमीवर ला बाँब चौक. टॅक्सी आधीच ठरवा. सुमारे 15 मीटरचा खांब, वर कमळ, दोन बाजूंना दगडी वाघ, चुकणार नाही.

जुनादस्त: चौकाजवळ पोर्तुगीज दफनभूमी आहे, 1,831 थडगी. गावातला मोडका ख्रिस्त (लढाईत मोडलेला ख्रिस्ताचा पुतळा) मात्र शोधू नका, तो 1958 मध्ये पोर्तुगालला गेला, आता बाताल्याच्या मठात आहे. आणि बूट जाड घाला. जमीन सपाट आणि चिकणमातीची, थोडं खणलं की पाणी. म्हणून तर तिथे खंदक खोल न खणता मातीच्या पोत्यांचे बांध घालावे लागले.