मैत्रिणींसोबत कॉकटेल आणि जेवण: आधी काय मागवावं?

प्रश्न: आम्ही पाच मैत्रिणी वर्षातून एकदाच भेटतो. गेल्या खेपेला बसल्या बसल्या सगळ्यांनी गोड, घट्ट कॉकटेलं मागवली आणि जेवण येईपर्यंत जिभेला चवच उरली नाही. शेफने धुरी दिलेलं बीट पाठवलं होतं, वर आंबट दह्याचा फेस. इतकं देखणं, आणि मला लागत होती फक्त साखर! अजून हळहळ वाटते. या वेळी काय करू?

उत्तर १: सुरुवात कडवट आणि हलकी हवी. निग्रोनी नको: जिन, कांपारी (कडवट लाल इटालियन मद्य) आणि गोड व्हर्मूथ (वनस्पती-मसाले मुरवलेली वाइन), तिन्ही ३०-३० मिली, म्हणून पोटात अन्न नसताना ती जड पडते. अमेरिकानो (कॉफी नव्हे, त्याच नावाचं कॉकटेल) घ्या. त्यात जिनच्या जागी सोडा असतो, भूक खवळते.

उत्तर २: मी बारमागे काम केलंय, एकच कळकळीने सांगतो: आलेला ग्लास लगेच उचला. डायकिरी (रम, लिंबू, साखर) जोरात हलवून करतात, म्हणून वर बर्फाची बारीक कणी तरंगते. फोटो काढेपर्यंत ती विरघळते. मार्टिनी (जिन आणि व्हर्मूथ) कोमट झाली की नुसती झोंबते. जेवणासोबत क्लॅरिफाइड मिल्क पंच (दुधाने नितळ केलेलं कॉकटेल) मिळाला तर जरूर घ्या. आंबट पेयात दूध फाटतं, गाळताना तुरटपणा चोथ्यासोबत निघून जातो, उरतं ते नितळ आणि मऊ.

प्रश्नकर्ती: अमेरिकानो ठरलं. गाडी चालवणाऱ्या मैत्रिणीसाठी बिनदारूचं, पण तितकंच कडवट काही सुचवाल?

उत्तर १: टॉनिक, ग्रेपफ्रूटचा रस, चिमूटभर मीठ.