मदत हवी आहे: १२ जुलैच्या दिनविशेष फळ्यावर पानशेतबद्दल काय लिहावं?

नमस्कार मंडळी,

नारायण पेठेतल्या आमच्या छोट्या वाचनालयाच्या दारात दिनविशेषाचा फळा आहे. रोजचा मजकूर मी लिहिते. शाळेतून येणारी मुलं, मंडईतून परतणारी माणसं थांबून वाचतात. १२ जुलै जवळ आलाय आणि त्या दिवसाच्या मजकुरासाठी तुमची मदत हवी आहे.

नेहमीसारखी यादी करायची तर त्या दिवशी बरंच आहे. १९८२ मध्ये नाबार्डची स्थापना, १९०९ मध्ये बिमल रॉय यांचा जन्म, मलाला यूसुफझाईचा वाढदिवस. दारासिंग २०१२ मध्ये याच तारखेला गेले आणि पुढच्याच वर्षी याच तारखेला अभिनेते प्राण यांचं निधन झालं. कार्यकारिणीतल्या काहींचं म्हणणं असं की यातल्या पाचसहा नोंदी घ्याव्यात आणि त्यातच एक ओळ टाकावी, ‘१९६१ : पानशेत धरण फुटून पुण्यात पूर’.

मला हे अजिबात पटत नाही. ही एक ओळ लातूर-नागपूरच्या फळ्यावर ठीक आहे. आमचा फळा नदीपासून चालत पाच मिनिटांवर आहे. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गल्लीतल्या एक आजी फळा वाचता वाचता थांबल्या, छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि भिंतीवर डोक्याच्याही वर हात टेकवून म्हणाल्या, “इथवर होतं गं पाणी.” शेजारी उभ्या असलेल्या मुलाने विचारलं, “एवढा पाऊस पडला होता?” त्या मुलाला नीट उत्तर मिळावं, एवढंच मला हवंय.

म्हणून त्या दिवशी अख्खा फळा पानशेतला द्यायचा विचार आहे. कच्चा मजकूर असा :

‘१२ जुलै १९६१, बुधवार. आंबी नदीवरच्या पानशेत धरणाचं काम अजून पुरं झालं नव्हतं. जोरदार पावसाने ते भरत गेलं आणि पाणी सोडायच्या मोरीवरचा मातीचा भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो सावरून धरला. सकाळी धरण फुटलं. ते सगळं पाणी खडकवासल्यात आलं आणि दुपारी तेही धरण फुटलं. लकडी पूल पाण्याखाली गेला, पेठांमधले मातीचे वाडे बसले. जवानांनी रात्र काढून दिली म्हणून धरण उजाडल्यावर फुटलं आणि असंख्य लोकांना उंचावर पळता आलं.’

शेवटचं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, ते कापायची माझी तयारी नाही. अजून एक गोष्ट यायला हवी पण जागाच उरत नाही. शहराचं पिण्याचं पाणी खडकवासल्यावरच अवलंबून होतं. धरण रिकामं झालं आणि पुरात बुडालेल्या गावाच्या नळाला पाणी नाही! घरात गाळ, धान्याची पोती भिजून फुगलेली आणि लोक विहिरींवर रांगेत. मुलांना ही बाजू कुणी सांगतच नाही.

आता नेमकी मदत कशात हवी ते सांगते.

चौथी-पाचवीच्या मुलाला वरचा मजकूर कळेल का? ‘मोरी’ म्हटलं की हल्लीच्या मुलांच्या डोळ्यांसमोर न्हाणीघर येईल का, तेही येणार नाही? त्याऐवजी सोपं काय लिहावं? तुमच्या घरी त्या वयाचं कुणी असेल तर प्लीज वाचायला देऊन बघा.

दुसरं, पुरानंतर गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या भागांत राहायला गेलेल्या कुटुंबांतलं इथे कुणी आहे का? आजी-आजोबांकडून ऐकलेलं एकेक वाक्य द्या. तिथे शाळेत जाणाऱ्या मुलांनाही आपली वस्ती का उभी राहिली हे ठाऊक नसतं. ती वाक्यं वेगळ्या कागदावर लिहून फळ्याखाली लावीन. नावं लिहिणार नाही, फक्त पेठ लिहीन.

आणि पाणी कुठवर चढलं होतं याची खूण अजून शाबूत असलेली एखादी भिंत किंवा दगड नदीकाठच्या पेठांत तुम्ही स्वतः पाहिला असेल तर जागा कळवा. मुलांना घेऊन जायचंय.

भर : दोघांनी पावनखिंडीबद्दल लिहिलंय. मुद्दा रास्त आहे. पण महाराज पन्हाळ्यावरून निसटले ती १२ जुलै १६६० ची रात्र, खिंडीतली लढाई १३ तारखेची. त्यामुळे १३ तारखेचा अख्खा फळा बाजीप्रभू आणि बांदलांच्या मावळ्यांना. तिथे कुणी वाटा मागायचा नाही.

मृतांचा आकडा का नाही, असंही एकाने विचारलंय. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे छापलेले आहेत. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं ते लोक या फळ्यासमोरून जातात, त्यांच्यापुढे अंदाजाचा आकडा मांडणं मला बरं वाटत नाही. यावर तुमचं मत वेगळं असेल तर जरूर सांगा.

सकाळी पावसात खडू धरत नाही, म्हणून फळा ११ तारखेला संध्याकाळीच लिहून आत ठेवणार आहे. त्याआधी आलेले सगळे प्रतिसाद वाचून मजकूर पक्का करीन.