पावसाळ्यात मॅट वार्निश पांढरे पडले. १/३५ सेंच्युरियन वाचवता येईल का?

पर्वतीपायथा

नमस्कार मंडळी. मी चार वर्षांपासून १/३५ प्रमाणातील रणगाड्यांची प्लॅस्टिक मॉडेल्स जोडतो आणि रंगवतो. सध्याचा सेंच्युरियन, म्हणजे ब्रिटिश बनावटीचा रणगाडा, मी सप्टेंबर १९६५ च्या भारत-पाक युद्धातील फिलोराच्या लढाईतला, पूना हॉर्सचा रणगाडा म्हणून करायला घेतला आहे. या रेजिमेंटची मुळे १८१७ साली आपल्या पुण्यात उभारलेल्या घोडदळात आहेत आणि तिचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर यांचे शालेय शिक्षणही पुण्यातच झाले, त्यामुळे या मॉडेलवर माझा विशेष जीव आहे.

जोडणी, पुट्टी, घासकाम आणि रंगकाम यांत साडेतीन महिने गेले. गेल्या रविवारी संध्याकाळी दोन सरींच्या मध्ये थोडी उघडीप मिळाली, तेव्हा घाईने गच्चीवर जाऊन स्प्रे कॅनमधले लॅकर मॅट (चमक नसलेले) वार्निश मारले. दहाच मिनिटांत बुरुजाच्या माथ्यावर आणि इंजिनाच्या झाकणांवर दुधाळ साय धरली. हिरवा रंग राखेसारखा दिसू लागला आणि तेलरंगाच्या पातळ वॉशने बोल्टांभोवती आणलेली सगळी खोली त्या पांढरेपणाखाली बुजून गेली. खालचा रंग ॲक्रिलिक आहे. सगळा रंग उतरवून पुन्हा सुरुवात करण्याखेरीज काही मार्ग आहे का? शिवाय, चाकांवर आणि पट्ट्यांवर पर्वतीच्या पायथ्याची माती चाळून लावली तर ती योग्य दिसेल का?

रविवारपेठकर

रंग उतरवण्याची घाई मुळीच करू नका, कारण आपले मॉडेल बहुधा पूर्णपणे वाचेल. जे झाले त्याचे कारण हवेतील दमटपणा हेच दिसते. लॅकरमधले द्रावक फार झपाट्याने उडते आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जाते. एरवी त्याने काही बिघडत नाही, पण जुलैत पाऊस नुकताच थांबलेला असतो तेव्हा हवा बाष्पाने इतकी भरलेली असते की थंड झालेल्या त्या ओल्या थरावर लगेच दव धरते आणि पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब वार्निशमध्येच अडकून बसतात. आपल्याला जो पांढरेपणा दिसतो तो या थेंबांनी आणि त्यांनी मागे सोडलेल्या पोकळ्यांनी विखुरलेला प्रकाश असतो. खालच्या रंगाला काही झालेले नसते. पाऊस थांबला की हवा कोरडी झाली, असे आपण सगळेच धरून चालतो, आणि नेमकी तिथेच फसगत होते.

दुसरी शक्यताही तपासून पाहा. मॅट वार्निशमध्ये चमक घालवण्यासाठी बारीक सिलिकासारखी भुकटी घातलेली असते आणि ती कॅनच्या तळाशी बसते. कॅन पुरेसा हलवला नसेल किंवा थर जाड पडला असेल, तरीही पांढरे डाग येतात. मात्र ते सहसा खाचाखोचांत, जिथे वार्निश साचते तिथे येतात. आपल्याकडे उघड्या, सपाट भागावर साय आली आहे, म्हणून माझा कौल दमटपणाला आहे.

उपाय दोन्हींचा जवळपास एकच आहे. मॉडेल दोन दिवस घरात, कोरड्या जागी झाकून ठेवा. त्यानंतर पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक ग्लॉस (चकचकीत) वार्निश मऊ कुंचल्याने अगदी पातळ लावा, पण आधी ते फक्त तळाच्या किंवा मागच्या एका कोपऱ्यावर लावून पाहा. ग्लॉस त्या सूक्ष्म पोकळ्यांत भरले की प्रकाश सरळ आत जातो आणि रंग पुन्हा दिसू लागतो. तेवढ्याने भागले नाही तर संथ सुकणाऱ्या लॅकर थिनरचा हलका फवारा मारून थर पुन्हा सैल करता येतो, परंतु खाली तेलरंगाचा वॉश असल्यामुळे मी त्या वाटेला अगदी शेवटी जाईन. चमक घालवण्यासाठी लागणारे मॅट वार्निश मात्र हवा खरोखर कोरडी होईपर्यंत मारू नका. पंधराशे रुपयांच्या आत मिळणारा साधा आर्द्रतामापक टेबलावर ठेवा. मी स्वतः आकडा साठ टक्क्यांच्या वर असेल तर लॅकरला हात लावत नाही.

नगरवाट

वार्निशबद्दल वर सांगितले आहे ते अगदी योग्य आहे. मी मातीबद्दल लिहितो, कारण तिथे मी स्वतः एक मॉडेल खराब केलेले आहे.

आपली माती बेसाल्टची: एक तर काळी, नाहीतर तांबूस मुरमाची. फिलोरा हे सियालकोटच्या परिसरात, रावी आणि चिनाब यांच्यामधल्या गाळाच्या मैदानात आहे आणि तिथली धूळ फिकट, करडी तपकिरी असते. पर्वतीची माती लावलीत तर रणगाडा फिलोराहून नव्हे, सिंहगडाच्या पायथ्याहून आल्यासारखा दिसेल. दुसरा प्रश्न कणांच्या आकाराचा आहे. १/३५ मध्ये एक मिलिमीटरचा कण म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन सेंटीमीटरचा खडा होतो, आणि चहाच्या गाळणीतून चाळलेली मातीसुद्धा या हिशेबाने खडीच ठरते. त्यापेक्षा रंगभुकटी वापरावी, म्हणजे पिगमेंट: फिकट पिवळसर आणि करडी अशी दोन मिसळून, कोरड्या कुंचल्याने खालून वर विरळ होत जाणारी.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी राहवत नाही म्हणून लिहितो. आपले किट मार्क ३ चे, म्हणजे सेंच्युरियनच्या तिसऱ्या आवृत्तीचे, आहे का? तामिया या जपानी मॉडेल कंपनीचे जुने, सहज मिळणारे किट मार्क ३ चे आहे, आणि १९६५ मध्ये आपल्या सेनेकडे प्रामुख्याने मार्क ७ होते. मार्क ७ च्या वीस पौंडी तोफेच्या नळीवर साधारण मध्यावर एक फुगीर नळकांडे असते. गोळा सुटल्यावर मागे उरलेला धूर बुरुजात न येता तोंडाकडे ओढला जावा, यासाठी ते असते. आपली नळी सरळ, गुळगुळीत असेल तर बाकी काही न बदलता नुसती नळी बदलली तरी फार फरक पडेल. मागची बाजूही थोडी वेगळी आहे, कारण मार्क ७ मध्ये जादा इंधनासाठी जागा केली होती, पण त्या दुरुस्तीसाठी आता जोडलेले मॉडेल उघडू नये असे माझे मत आहे.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात एकदा अवश्य जा. पुण्याहून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. कडा, वेल्डिंगचे सांधे आणि ओतीव बुरुजाचा खरबरीत पोत हे सारे तिथे नीट पाहता येते. रंगछटा मात्र तिथून घेऊ नका, कारण बाहेर उभ्या असलेल्या रणगाड्यांवर अनेकदा नवा रंग चढलेला असतो.

कोथरूड_टेबल

वरच्या दोघांशी मी सहमत आहे, फक्त एक काळजीची गोष्ट सांगतो. पावसात गच्चीवर जाता येत नाही म्हणून लॅकर बंद खोलीत मारू नका. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून एक छोटा एग्झॉस्ट पंखा आणून खिडकीत बसवा आणि द्रावकाच्या वाफेसाठीचा, कार्बन गाळणीचा मास्क वापरा. कापडी मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. घरात लहान मुले असतील तर हे विशेष पाळा.

पर्वतीपायथा

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल रात्री इंजिनाच्या मागच्या झाकणावर, नखाएवढ्या जागेत ग्लॉस लावून पाहिले. पाच मिनिटांत साय विरली आणि खालच्या बोल्टांभोवतीची तपकिरी कड जशी होती तशी परत दिसू लागली. आज उरलेल्या भागावर लावत आहे. नळी सरळच निघाली, म्हणून फुगीर भागाची धातूची नळी मागवली आहे. मातीची डबी झाडांच्या कुंडीत रिकामी केली. मॅटचा शेवटचा थर ऑक्टोबरमध्ये, आणि तेव्हा छायाचित्रे इथेच टाकतो.