जळू शकणारा गॅस घरातल्या एसीत असावा का?

गारवा:
नवीन एसींमध्ये थंडावा देणारा गॅस म्हणून आता आर-३२ असतो, काहींत आर-४५४बी, आणि दोन्ही ए२एल गटातले, म्हणजे हलके ज्वलनशील. हे कळलं की लोक म्हणतात आम्हाला जुना, न जळणारा आर-४१०एवालाच द्या. माझं मत उलटं आहे. आर-४१०ए वातावरणात सुटला की तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या २०८८ पट तापमानवाढ करतो, आर-३२ ६७५ पट आणि आर-४५४बी ४६६ पट. २०१६ च्या किगाली दुरुस्तीत, म्हणजे मॉन्ट्रियल करार या आंतरराष्ट्रीय करारातल्या बदलात, असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलंय ते काही उगाच नाही. आणि आर-४१०एमध्ये निम्मा आर-३२च असतो, उरलेला निम्मा आर-१२५, जो आग दाबतो पण स्वतः ३५०० पट तापमान वाढवतो. मला गॅसची भीती नाही, भरणाऱ्याने प्रशिक्षण घेतलंय की नाही याची आहे.

उंबरठा:
पूर्ण असहमत. ६७५ म्हणजे काय कमी आहे का? तेवढ्यासाठी झोपायच्या खोलीत जळणारा गॅस आणायचा? स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो म्हणून गळती लगेच कळते, इथे तसं काही नाही. आणि हा जळला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, तो फुप्फुसांची वाट लावतो. लहान मुलं, म्हातारी माणसं दार बंद करून झोपतात हो त्या खोलीत.

गारवा:
हायड्रोजन फ्लोराइडचा मुद्दा बरोबर, पण ज्वाळेत सापडला तर आर-४१०एपासूनही तेच तयार होतं. आता आकडे बघा. आर-३२ पेटायला दर घनमीटर हवेत साधारण ३०७ ग्रॅम लागतो. २५ घनमीटरच्या खोलीत १ किलो गॅस सगळा सुटून नीट मिसळला तर होतात ४० ग्रॅम. पेटला तरी ज्योत सेकंदाला ६.७ सेंटीमीटर सरकते, प्रोपेनची त्याच्या कित्येक पट वेगाने पळते. अर्थात 'नीट मिसळला तर' हे महत्त्वाचं, कारण हा हवेपेक्षा जड आहे, पंखा बंद असेल तर जमिनीलगत साचतो. म्हणूनच किती गॅसला किमान किती मोठी खोली हवी ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, आणि जमिनीवर ठेवायच्या युनिटला नियम जास्त कडक.

पाना_पक्कड:
मी हेच काम करतो म्हणून बोलतो. खोलीचं गणित ठीक आहे पण खरी जोखीम दुरुस्तीच्या वेळी असते. लाइनमध्ये गॅस शिल्लक असताना ब्रेझिंगचा, म्हणजे पाइप वितळत्या धातूने जोडायचा, टॉर्च लावला की संपलं, गॅस तेलातही विरघळून राहतो, म्हणून आधी रिकव्हरी मशीनने काढायचा, मग नायट्रोजन फिरवायचा, आणि जुना जोड वितळवण्यापेक्षा पाइप कटरने कापायचा. व्हॅक्यूम पंप आणि रिकव्हरी मशीन या गॅससाठी चालणारीच हवीत, पंपाचं बटण गॅसजवळ दाबायचं नाही कारण ठिणगी तिथेच पडते, प्लग लांब लावून तिथून चालू करायचा. ज्वाळेवर चालणारा जुना लीक टेस्टर तर अजिबात नाही, साबणाचं पाणी चालतं. प्रेशर टेस्टला कधीही ऑक्सिजन नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट, मग गॅस कुठलाही असो. गळती असताना पंप डाउन करत, म्हणजे कॉम्प्रेसर चालवून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करत बसलात तर हवा आत ओढली जाते आणि कॉम्प्रेसर फुटू शकतो, हे न जळणाऱ्या गॅसच्या मशीनमध्येही होतं. आणि आर-२२ या जुन्या गॅसच्या मशीनमध्ये हे जळणारे गॅस भरायचेच नाहीत, मालक कितीही म्हणो!

उंबरठा:
हे वाचून माझा विरोध वाढलाच. एवढी पथ्यं एका माणसाने, उन्हात, गच्चीवर, पुढचं काम वाट बघत असताना पाळायची, आणि एक चुकलं तर भाजणार कोण? तोच. ज्यांनी गॅस बदलायचं ठरवलं त्यांच्यापैकी कोणी टॉर्च धरत नाही. आधी शिकवा, साधनं द्या, मग विका.

हिरवी_वाट:
मला तर आर-३२ म्हणजे अर्धवट उपाय वाटतो. जळणारा घ्यायचाच तर सरळ प्रोपेन घ्या, आर-२९०, तापमानवाढीत जवळजवळ नगण्य. घरातल्या फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा जळणारा गॅस आहेच की, त्याची कोणी चर्चा करत नाही.

गारवा:
फ्रीजमध्ये तो थोडासाच असतो आणि सगळं कारखान्यात सीलबंद. स्प्लिट एसीचे जोड घरी येऊन करतात. प्रोपेन दर घनमीटरला ३८ ग्रॅमवरच पेटू शकतो आणि त्याला अगदी बारीक ठिणगी पुरते. कमी गॅसची, सीलबंद मशीन असेल तर माझा प्रोपेनला पाठिंबा आहे, सरसकट नाही. उंबरठा, शिक्षण आणि साधनं आधी हे मला शंभर टक्के मान्य, पण त्यासाठी आर-४१०ए चालू ठेवा हे नाही. तोही दुरुस्तीच्या वेळी सर्रास हवेत सोडला जातो.

पाना_पक्कड:
हवेत सोडतात कारण रिकव्हरी मशीन नसते आणि त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही. माझी मागणी सोपी आहे, या गॅसचा सिलिंडर प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय विकू नये, आणि गॅस काढून घेण्याचं काम बिलात वेगळं लिहावं. ग्राहकांनीही 'फक्त टॉपअप करा' म्हणू नये. गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आधी ती जागा शोधू द्या आम्हाला.

उंबरठा:
प्रमाणपत्राशिवाय सिलिंडर नाही, हे झालं तर माझा अर्धा विरोध मागे. झोपायच्या खोलीबद्दलचा तसाच राहील.