मदत हवी आहे: बाहेरच्या कॅमेऱ्यांत पाणी शिरतंय, बदलू की वाचवू?

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात, आजोबांच्या वेळच्या घरात राहतो. २ वर्षांपूर्वी ४ कॅमेरे बसवले. २ रस्त्याच्या अंगाला, १ मागच्या बोळात, १ जिन्यात. जिन्यातला ठणठणीत आहे. बाहेरच्या तिघांनी या पावसाळ्यात रडायला सुरुवात केली आहे, आणि बोळातल्याने तर कहर केलाय.

सकाळी काचेवर आतून वाफ धरलेली असते. दुपारी ऊन पडलं की जाते, दिवेलागणीला परत हजर. रात्री इन्फ्रारेडचे दिवे लागले की ती वाफच उजळते आणि मोबाइलवर नुसता दुधाळ पडदा. परवा रात्री दीडला आईने हलवून उठवलं, "अरे, बोळात धूर होतोय!" धूर कसला, कॅमेऱ्याला घाम फुटलेला.

खोक्यावर आयपी ६६ छापलेलं आहे. पहिला ६ धुळीसाठी, दुसरा जोरदार फवाऱ्यासाठी, एवढं मला कळतं. मग पावसाने का रडावं? बसवणाऱ्याला बोलावलं. तो शिडीला हातही न लावता "साहेब, भेज आवी गयो छे, नवो लगावी दो" (ओल शिरली आहे, नवा लावा) म्हणून मोकळा झाला.

शेवटी पंचा खोचून मीच चढलो. कॅमेऱ्याच्या शेपटीला दोन जोड असतात, चित्राची बीएनसी पिन आणि १२ व्होल्टची डीसी पिन. दोन्ही छज्ज्याखाली लोंबत सोडलेल्या, वर साधी काळी टेप. टेप उकलली तर तिचा डिंक पाघळलेला आणि आतून चमचाभर पाणी ओघळलं. बीएनसीच्या मधल्या टाचणीवर हिरवी पूड, न घासलेल्या तांब्याच्या गडूवर चढते तशी.

दुसरी गंमत. त्याच भिंतीला आतून वर्षभर ओल येतेय. गच्ची गळते असं समजून उन्हाळ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं. पैसे पाण्यात! ओल नेमकी वायर आत येते त्या भोकाभोवती आहे.

तर वाफ धरलेला कॅमेरा वाचतो का? जोड कशात बंद करावेत? आणि घरात सिलिकॉनची अर्धी नळी पडली आहे, ती मारली तर चालेल का?

तारजोड:
दादा, आयपीचा आकडा कॅमेऱ्याच्या डब्याचा असतो. शेपटीच्या पिना त्यात धरलेल्या नसतात. दिवसा डबा तापतो, सर आली की एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि जिथून फट मिळेल तिथून ओल ओढून घेते. तुमचे भिजलेले जोड म्हणजे तिला आयतीच वाट.

हिरव्या झालेल्या पिना घासत बसू नका, कापून नव्या लावा. त्याआधी सप्लाय बंद. जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून, अर्धी अर्धी चढवत गुंडाळा. सुरुवात खालून करा, कौलं चढवतात तशी, म्हणजे पाणी घड्यांत न शिरता वरून निघून जाईल. उन्हासाठी तिच्यावर साधी काळी टेप. मग सगळं पीव्हीसी जंक्शन बॉक्समध्ये, वायर बॉक्सच्या खालच्या बाजूने आत.

भिंतीचं भोक बहुतेक घराच्या दिशेने उतरतं पाडलेलं असणार. वायरीला भोकाच्या खाली वीतभर झोळ द्या. पाणी वायरीवरून येतं आणि झोळाच्या तळाशी पागोळीसारखं गळून पडतं, वर चढून भोकात जात नाही. काम फुकटातलं आहे, पण करतात किती जण?

सिलिकॉन हुंगून बघा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ते तांब्याला खातं, पिनांजवळ नको. न्यूट्रल प्रकारचं आणा. आणि कॅमेऱ्याच्या तळाला निचऱ्याचं बारीक छिद्र असेल तर उत्साहाच्या भरात तेही बुजवू नका.

ओटला७:
तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कोणी देईलच, ऐकू नका. वॉरंटी उरली नसेल तरच उघडा, तेही कोरड्या दिवशी. सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात २-३ दिवस ठेवा. काचेची रबरी रिंग चपटी झाली असेल तर बदला आणि बंद करताना आत एक ताजी पुडी सोडा. बोर्डवरच हिरवं चढलं असेल तर मात्र हात जोडा.

जाता जाता, डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, तळमजल्यावर आहे का? २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा बडोद्यातल्याच समा भागात माझ्या मावसभावाचे कॅमेरे वर सुखरूप होते. डीव्हीआर जिन्याखालच्या कपाटात होता, तो बुडाला.

धागाकर्ता:
तारजोड, ओटला, दोघांचे आभार. रविवारी उघडीप मिळाली. सिलिकॉन आंबूसच निघालं, टाकून दिलं. झोळ दिला. रस्त्याकडचे दोन्ही सुकवून लावले, काल रात्रभर पाऊस होता तरी सकाळी काच लख्ख. बोळातल्याचा बोर्ड हिरवागार, तो गेला. डीव्हीआर वरच्या मजल्यावर हलवतोय, आईचं लोणच्याचं फडताळ त्यासाठी मिळेल की नाही हा वेगळा वाद.

बोळात समोरून झड येते. आता घुमटासारख्या डोमऐवजी नळकांड्यासारखा बुलेट कॅमेरा घेऊ का?

तारजोड:
बुलेटच घ्या. डोमच्या काचेवर थेंब साचून रात्री इन्फ्रारेड उलटा फेकला जातो. बुलेटची टोपी पूर्ण पुढे ओढा, तोंड किंचित खाली. आणि यावेळी जोड बंद होताना स्वतः शिडीखाली उभे राहा.